गॅसला हात लावायचा नाही

मंगळवारी दुपारी अग्निशमन केंद्राला आग लागली. ती केंद्राच्याच बंबाने, केंद्राच्याच दारात येऊन, पाण्याचा एक थेंबही न सांडता आटोक्यात आणली.

पण ते जाऊ द्या. असं काही झालंच नाही. साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं करून तसं स्पष्ट सांगितलंय आणि साहेबांच्या शब्दाबाहेर केंद्रात कोणी नाही. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढंच काय ते सांगायचं.

बंबाच्या ड्रायव्हरचं लग्न ठरलं होतं. म्हणजे त्याचं ठरलं होतं, मुलीचं ठरलं होतं. मुलीच्या आईचं तेवढं ठरत नव्हतं. मुलगी केंद्राच्याच तळमजल्यावर फोनवर बसायची. कुठे काय पेटलंय ते शांतपणे विचारून घ्यायची, घंटा दाबायची आणि भोंग्यावर पत्ता सांगायची. त्या आवाजावरच ड्रायव्हर भाळला होता. लोकांची घरं पेटली की याच्या अंगावरून मोरपीस फिरायचं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी नव्हतीच.

मुलीची आई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. तीन पाळ्यांचे कामगार तिच्या हातचं जेवायचे आणि नावं ठेवायची एकाची टाप नव्हती.

"माझ्या लेकीला स्वयंपाक येत नाही," काकूंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "शिकवला नाही असं नाही हां. शिकवून बघितला, म्हणून छातीठोकपणे सांगतेय."

"आई!"

"तू गप गं. हिने एकदा पाणी करपवलं होतं. नुसतं पाणी. तेव्हा उद्या घरात कढई कोण धरणार, ते मला आधी कळू दे."

"मी धरीन," ड्रायव्हर म्हणाला.

"काय काय येतं तुला?"

ड्रायव्हरने प्रामाणिकपणे विचार केला. "बंब चालवता येतो."

काकूंनी लेकीकडे पाहिलं. लेक छताकडे पाहत होती.

"हे बघ ड्रायव्हर," काकू म्हणाल्या, "मी काही पंचपक्वान्नं मागत नाही. चिकन परतायचं, त्यात भात टाकायचा. पोरंटोरं करतात. मंगळवारी मी जेवायला येते. घास घशाखाली उतरला तर तारीख काढू. नाही उतरला, तर तू तुझा बंब घेऊन सुखी राहा."

"मंगळवारी माझी ड्युटी आहे, काकू."

"मग केंद्रावर येते. नाहीतरी बघायचंच आहे मला, दिवसभर तुम्ही लोक करता तरी काय."

जाता जाता त्यांनी कृतीही सांगितली, कारण बाई कडक असल्या तरी दुष्ट नव्हत्या. भात आदल्या दिवशीचा, गार आणि मोकळा. चिकनचे बोटभर तुकडे पुसून कोरडे करायचे, त्यांना मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळायचं. कढई एवढी तापवायची की तेलातून धूर निघाला पाहिजे. मग चिकन पसरून टाकायचं आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. हलवायचं नाही. खालून खरपूस झालं की उलटायचं. मग ढोबळी मिरची, कांद्याची पात, भात आणि सोया सॉस. संपलं.

"सगळी गंमत आचेत आहे," काकू म्हणाल्या. "आच मोठी आणि हात बांधलेले. एवढं ज्याला जमलं त्याला सगळं जमलं."

अडचण अशी होती की या दोन गोष्टी सोडून केंद्रातल्या लोकांना सगळं जमत होतं.

पहिला सराव शनिवारी झाला. कढईतून धुराची पहिली रेघ निघाली आणि लंबू नावाच्या पाइपवाल्याने बसल्या जागेवरून झेप घेऊन कढईवर ओली घोंगडी टाकली. त्याला विचारलं, "का रे बाबा?" तो म्हणाला, "मला काय माहीत. मी पेपर वाचत होतो."

दुसऱ्या वेळी लंबूला खुर्चीला बांधून ठेवलं. धूर निघाला तसे साहेब आतल्या खोलीतून आले, आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढली, कढईवर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला आणि एक अक्षर न बोलता परत गेले. ते चिकन फेकावं लागलं. लंबूने बोट बुडवून चाटून पाहिलं आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे."

तिसऱ्या वेळी दोघांना खाली पाठवलं. ड्रायव्हर एकटा. कढई तापली, धूर आला, चिकन पडलं, चर्र झालं, आणि गॅस बंद झाला. ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्याने खाली पाहिलं. गॅसच्या बटणावर त्याचाच हात होता.

"तुझा दोष नाही रे," शिडीकाका नंतर म्हणाले. हे केंद्रातले सगळ्यात जुने. शिडी उभारायचं काम त्यांच्याकडे. पण शहरात सगळ्या आगी तळमजल्यालाच लागत आल्यामुळे शिडी उभारायची हौस काही फिटली नव्हती. "वाघाला गवत खायला सांगितल्यासारखं आहे हे. घरी मी मेणबत्तीसुद्धा लावू देत नाही. बायको अंधारात बसते."

"काका, ही फोनवालीची आई आहे. हे चिकन बिघडलं तर मी कामातून गेलो."

शिडीकाकांना दया आली. सोमवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बंबाभोवती गोळा केलं, बंबाच्या चाकावर हात ठेवायला लावले आणि शपथ घ्यायला लावली: मंगळवारी काय वाट्टेल ते होवो, कोणीही गॅसला हात लावायचा नाही. ड्रायव्हरनेही नाही. साहेब म्हणाले की असली शपथ घेणं त्यांच्या पदाला शोभत नाही. मग त्यांनी ती डोळे मिटून घेतली. स्वयंपाकघरातल्या धुराच्या घंटेला शिडीकाकांनी आपला पायमोजा घातला, म्हणजे तीही शपथेत आली.

मंगळवारी दुपारी काकू आल्या. नव्या चपला, हातात पर्स, चेहरा कारखान्याची तपासणी करायला आल्यासारखा. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. त्या बसल्या.

"मी मध्ये बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्याच्या कढईला मी बोट लावत नाही. तो माझा नियम आहे. तुझी कढई, तू आणि तुझं नशीब."

"हो काकू."

"पात एवढी बारीक का चिरलीस?"

"तुम्ही मध्ये बोलणार नव्हतात."

"बोलले नाही. विचारलं."

ड्रायव्हरने खांद्यावर फडका टाकला, आच मोठी केली. दाराशी साहेब, लंबू आणि शिडीकाका एकमेकांचे हात घट्ट धरून उभे होते. तेलातून धूर निघाला. लंबूच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं. साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खिडकीवरच्या पंख्याने तो सगळा धूर ओढून रस्त्यावर फेकला. ड्रायव्हरने चिकन पसरलं, चर्र झालं आणि त्याने जगात पहिल्यांदाच पेटलेल्या गॅससमोर हाताची घडी घातली. काकूंची मान किंचित, अगदी किंचित, हलली.

आणि घंटा वाजली.

"चष्म्याच्या दुकानासमोर," भोंग्यावर तोच मोरपिशी आवाज आला. "वरच्या मजल्यावरून धूर. चष्मेवाल्यांनी स्वतः बघितलाय. ताबडतोब निघा."

घंटा वाजल्यावर बंबाचा ड्रायव्हर विचार करत नाही. घंटा कानात शिरते आणि सरळ पायात उतरते. ड्रायव्हरने खांद्यावरचा फडका भिरकावला, तो गॅसशेजारी पडला, आणि चिकन हा शब्द डोक्यात यायच्या आत तो स्टिअरिंगमागे बसलेला होता. बाकीच्यांना गॅस आठवला. पण शपथ म्हणजे शपथ. तिघेही गॅसकडे एकेक हळहळती नजर टाकून जिन्यावरून खाली सुटले.

वर राहिल्या काकू, त्यांचा नियम आणि पेटता गॅस.

समोरचा रस्ता एकेरी, म्हणून बंब नेहमी मागच्या फाटकाने निघायचा. भोंगा वाजवत तो भाजीबाजाराला वळसा घालून गेला, शाळेच्या भिंतीकडून वळला, आणि तेव्हा कुठे ड्रायव्हरला चिकन आठवलं.

"साहेब, गॅस चालू राहिला."

"शपथ होती," साहेब म्हणाले.

"काकू आहेत की वर," लंबू म्हणाला.

"काकू दुसऱ्याच्या कढईला हात लावत नाहीत."

बंबात शांतता पसरली. म्हणजे भोंगा तेवढा वाजत होता.

"आधी ही आग," साहेब म्हणाले. "मग तुझी. चष्म्याच्या दुकानासमोर काय आहे रे?"

प्रत्येकाने आठवून पाहिलं. चष्म्याचं दुकान सगळ्यांना पाठ होतं, रोज खिडकीतून दिसायचं. त्याच्यासमोर काय आहे, ते मात्र कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

बंब शेवटचं वळण घेऊन चष्म्याच्या दुकानाशी थांबला. चष्मेवाला दारातच उभा होता. त्याने समोर बोट केलं. लाल दरवाजे, वर भोंगा, त्याच्यावर खिडकी, आणि खिडकीत आता धुराबरोबर चक्क ज्वाळा. फडक्याने पेट घेतला होता. म्हणजे फोन आला तेव्हा आग नव्हतीच. फोन आला म्हणून आग लागली, असं चष्मेवाल्याला नंतर बरंच खडसावून सांगण्यात आलं.

"हे तर आपलं आहे!" लंबू म्हणाला.

"शिडी!" असं शिडीकाका स्वतःच स्वतःला म्हणाले. आत जिना आहे, दार उघडं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण वरचा मजला होता, आग होती, आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. शिडी सरसर खिडकीला भिडली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लंबू पाइप घेऊन सज्ज झाला. पंप सुरू करायचं काम ड्रायव्हरचं. त्याचा हात दांड्यावर गेला.

"पाणी सोड!" साहेब गरजले.

तेवढ्यात खिडकीत काकू आल्या. चिमट्यात पेटता फडका धरलेला, मेलेला उंदीर धरावा तसा. त्यांनी तो शांतपणे मोरीच्या बादलीत बुडवला, छुस्स झालं, आणि पुन्हा खिडकीशी आल्या.

"ड्रायव्हर!" त्या वरून ओरडल्या. "फडका कढईत मोडत नाही, म्हणून विझवला. चिकन जिथल्या तिथे आहे. खालून खरपूस झालंय. आता जो काय उलटणार असेल त्याने उलटावं!"

कढईतून धुराचा लोट चाललेलाच होता.

"ड्रायव्हर, पाणी! धूर आहे!" साहेब म्हणाले. "नियम आहे!"

ड्रायव्हरचा हात दांड्यावरच होता. इतक्या वर्षांत धूर दिसूनही त्याने पाणी सोडलं नाही असं एकदाही झालेलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "पाणी सोडलं तर रस्सा होईल."

"काय?"

"परतलेलं चिकन आहे, साहेब. रस्सा नाही करायचा."

आणि त्याने दांडा सोडला. जिन्याने जायला वेळ नव्हता, आणि शिडी तर समोरच होती. तो चढला. शिडीकाकांनी शिडी अशी धरली, जशी आयुष्यात कुणी धरली नसेल. खाली रस्त्यावर लोक जमले. एकाने विचारलं, "आत कोणी अडकलंय का?" लंबू म्हणाला, "चिकन."

ड्रायव्हर खिडकीतून आत उतरला, हेल्मेट डोक्यावर तसंच. तुकडे उलटले. खालची बाजू सोनेरी तपकिरी, कडा कुरकुरीत. जन्मात कुणी हलवलं नव्हतं असं चिकन. ढोबळी मिरची पडली, भात पडला, सोया सॉस कडेने फिरला, वरून पात. कढई त्याने दोन्ही हातांनी झुलवली. ज्वाळा वर आली, ती त्याने येऊ दिली. मग स्वतःच्या हाताने, शपथ मोडून, गॅस बंद केला.

ताटली काकूंच्या पुढ्यात आली. दारात साहेब, लंबू, शिडीकाका. त्यांच्या मागून, फोन सोडून धावत आलेली लेक.

"काय झालं? पास का?"

"अगं, तू पत्ता सांगितलास कुठला!" ड्रायव्हर म्हणाला. "हा आपलाच पत्ता!"

"मला काय माहीत? आपल्या पत्त्यावर मी कधी कुणाला पाठवलंय का?"

काकूंनी घास घेतला. सावकाश चावला. खिडकीखाली गर्दीने माना वर केल्या. चष्मेवाला तर बिचारा टाचा उंचावून उभा राहिला होता. घास घशाखाली उतरताना सगळ्यांनी पाहिला.

"जावईबापू," काकू म्हणाल्या, "मीठ थोडं कमी पडलं."

"जावईबापू" ऐकून लेकीने आईच्या गळ्यातच उडी घेतली. ड्रायव्हरने नुसतं मीठ आणून दिलं. लंबू हुंदके देत कढई खरवडायला लागला. शिडीकाका शिडी खाली घ्यायला तयार होईनात.

साहेबांनी दोन ताटल्या संपवल्या, रुमालाने मिशी पुसली आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं. केंद्राला आग लागलेली नाही, म्हणाले. शपथेने एकदा हात पोळलेले, त्यामुळे या वेळी कोणी शपथ घेतली नाही. मग तारखेची बोलणी झाली, आणि तारीख निघाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की नवरा बंबावर, नवरी फोनवर, आणि बाकी सगळं केंद्र वऱ्हाडात. तेव्हा साहेबांनी तिथेच, बोटांना सोया सॉस असताना, वरिष्ठ कार्यालयाला अर्ज लिहिला:

"या केंद्रास कोणतीही आग लागलेली नाही व जी लागलेली नाही ती वेळीच विझविण्यात आली आहे. या केंद्रातील चालक व दूरध्वनी सहायक यांचा परस्परांशी विवाह योजिला असून, सदर दिवशी केंद्रातील सर्व कर्मचारी, बंब व शिडी विवाहस्थळी व्यग्र राहतील. तरी सदर दिवशी, व शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत, शहराच्या हद्दीत कोठेही आग लागू नये, असे आदेश सर्व संबंधितांस आपल्या स्तरावरून देण्यात यावेत, ही नम्र विनंती."