चाराचे दोन

...दाबली, सोडली. बोटाएवढी स्प्रिंग पुन्हा मूळ उंचीला आली – की किंचित खाली राहिली? चष्मा पुसून पाहावं असं त्यांना वाटलं, पण टेबलापलीकडे नौदलाचा खरेदी अधिकारी बोलत होता, आणि समोरचा बोलत असताना चष्मा पुसणं बरं दिसत नाही.

"किती महिने?"

"चार."

तोफांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आयुष्य गेलं, पण या खोलीत खरा आकडा त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितला होता. रीतच होती तशी – कारखान्याने दुप्पट सांगायचं, नौदलाने निम्मं करायचं, मग चहा. शांततेच्या काळात त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण आता जहाजं बुडत होती, आणि या तोफा पहिल्यांदा ज्या जहाजावर चढणार होत्या, त्यावर त्यांचा जावई होता, तोफेवरच... म्हणून जिना चढतानाच त्यांनी ठरवलं होतं, आज घासाघीस नाही.

"चार म्हणजे दोन," अधिकारी हसला. "आपण काय आज भेटतोय, साहेब?"

"नाही, खरंच चार. ही स्प्रिंग दाबाखाली ठेवून मुरू द्यावी लागते. कच्ची गेली, तर ऐन माऱ्यात तोफ अडकेल."

"मागच्या खेपेला साचा आडवा आला, त्याआधी पोलाद. आता स्प्रिंग माहेरपणाला आलीय!"

सगळे हसले. शेजारी बसलेले मालकही. "दोनात देऊ," मालक म्हणाले, आणि टेबलाखाली त्यांचा बूट यांच्या बुटावर हलकेच टेकला – जुनी खूण, आता पुरे. मालकांना वाटलं असेल, काय वठवलं म्हाताऱ्याने! ओरडायला हवं होतं. निदान जावयाचं सांगायला हवं होतं... पण मग हेच म्हणाले असते, आता जावई पुढे केला. चहा आला. त्यांनी तो घेतलाही.

घरी मुलगी दारातच उभी होती.

"बाबा, कधी मिळणार त्यांना तोफा?"

"दोन महिन्यांत."

"इतक्या लवकर? बघा, तुम्ही गेलात म्हणून झालं! उगीच कुरकुरत होतात सकाळी." किती दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती.

सांगावं. आत्ताच सांगावं, की बाळ, तसं नाही... खिशात स्प्रिंग अंगठ्याखाली दबत होती, सुटत होती. चारच लागतात ना? की जन्मभराची खोड, याही चारात मी थोडं पदरचं घातलं? साडेतीन असतील. तीन... आणि दोनात मुरणारच नाही, हे तरी कशावरून? हे विचारणारा आवाज त्यांना ओळखीचा वाटला – टेबलापलीकडचा, हसरा. तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता आकडा हळूहळू खाली येत होता, आणि त्यांना बरं वाटू लागलं होतं. भीती त्याचीच वाटत होती.