गुरुवारी जग बुडणार होतं

मी भावना. वय सतरा. शाळा नववीत सुटली. मी सोडली नाय, गणिताच्या सरांवर डस्टर फेकला तवा शाळेनंच मना सोडलं. तरी येशू कोणत्या दिवशी येणार त्याचं गणित मीच मांडलं. पुढं काय झालं असंल ते तुमीच समजा.

मे महिना होता. मोबाईल उघडला की कुठंतरी मिसाइल. कधी आपल्या सीमेवर, कधी त्या लांबच्या देशांत. आमची संगती, म्हंजे येशूची प्रार्थना करणारी मंडळी, लहान. उमरोळीच्या वरच्या पाड्यावर दहा-बारा घरं. रविवारी कोणत्या देशासाठी प्रार्थना करायची ते मी वाचून दाखवायची, कारण नेटपॅक फक्त माज्या फोनमदी. मी राहते बुधी मावशीकडं. ती दर देशाला "आमेन" बोलायची. एकदा मदीच पॅक संपल्याचा मेसेज आला, तोपन मी वाचला. त्यालापन आमेन.

तवा एक व्हिडिओ आला. टाय लावलेला माणूस फळ्यावर आकडे मांडत होता. त्याचं उत्तर होतं, लवकरच. मना नुसतं 'लवकरच' जमत नाय. त्याच्या आकड्यांत मी माजे दोन आकडे घातले, तं गुरुवार आला.

बुधवारी चार वाजता बोईसरला कंपनीत बाटल्यांना झाकणं लावत होते, नि भोंगा वाजला. लांबलचक, वर-खाली. लढाई आली तं काय करायचं, त्याचा सरकारी सराव होता. गेटवर तसा कागद लावलेला. जगातल्या बातम्या वाचणारी मी, तेवढा कागद वाचला नाय. मी समजले, येशू येताना वाजणार ती वरची तुतारी वाजली.

"काम छोड के किधर?" सुपरवायझर धर्मेश ओरडला.

"कल येशू आ रहा है. तेरा झाकण तू लगा!"

"अच्छा. तो शुक्रवार को ड्यूटी पे कौन आएगा?"

मी टोपी त्याच्या टेबलावर आपटली नि निघाले. उद्या जग बुडणार, तरी रिक्षात कडेला बसायला भांडले.

घरी मावशीनं सगळं ऐकलं. "नक्की?"

"नक्की."

"मंग बियाणं कोणासाठी ठेवू?"

पेरायचं भात ती कणगीत निंबाचा पाला घालून ठेवते. घरात चूल पेटली नाय तरी त्याला हात लावत नाय. वर्षाचं पोट त्याच्यावर. गुरुवारी सकाळी तिनं ती कणगी उपडी केली. बाया उखळात कांडायला बसल्या. मी तिला थांबवायचं, तं चुलीला फुंकर घालत बसले.

दुपारी सगळा पाडा जेवायला. संगतीतले, संगतीत नसलेलेपन. शेजारचा पुंडलिक काका प्रार्थनेला कधी येत नाय, जेवणाला पयला. तिसऱ्यांदा भात घेत बोलला, "तुमचा देव येताना मासली आणणार का? नुसती डाळ झाली."

आमचे पाळक सुकाभाऊ रिक्षा चालवतात. भाडं सोडून ते पोचले तवा टोप घासायला काढलेला.

"मावशी, एवढा तांदूळ कुठला?"

"बियाण्याचा."

सुकाभाऊ खालीच बसले. "भावना, तो दिवस बापाशिवाय कोणाला माहीत नाय. शास्त्रात लिवलंय. वाचलं नाय तू?"

"त्या पानाच्या आदी पॅक संपला."

कोणी हसलं नाय. संध्याकाळ झाली. कोंबड्या रोजच्यासारख्या खुराड्यात गेल्या. मावशी रिकामी कणगी पुसत होती. ती ओरडंल म्हणून मी उत्तरं तयार ठेवलेली. ती बोलली, "पोरांनी पोटभर खाल्लं आज."

मना तिचाच राग आला. "माज्यावर विश्वास ठेवलासच कशाला?"

"तुज्यावर कोणी ठेवला? तो येणार, याच्यावर ठेवला. तो विश्वास अजून हाय."

"नि पेरशील काय?"

"ते तू बघ. ती झोळी घे."

शुक्रवारी झोळी घेऊन पयली पुंडलिक काकाकडं गेले.

"काय गं, आला का देव? का गाडी चुकली?"

दुसऱ्या कोणत्या दिवशी असतं तं मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. जीभ चावून बोलले, "काका, बियाणं पायजे."

तो पोट धरून हसला. मंग आत जाऊन सूपभर भात घेऊन आला. "तीनदा वाढून घेतलं मी, देणार नाय तं काय. गरवं हाय, उशिरा पिकंल." सुकाभाऊंनी हळवं दिलं, लवकर पिकणारं. दातिवऱ्याची वत्सला सुकट विकायला येते, तिनं भावाकडचं आणलं, खाऱ्या जमिनीतलं. सात घरांत फिरले. कोणी देवाच्या नावानं दिलं, कोणी माजी मजा बघायला दिलं.

घरी येऊन मी ऐटीत झोळी ओतली. मावशीनं मूठभर उचलून बघितलं. "सगळं एकत्र केलंस?"

हळवं नि गरवं वेगळं ठेवायचं, हे आमच्या शेळीलापन माहीत हाय. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. "कापणीला तीनदा वाकावं लागंल. तू वाकशील."

शनिवारी कंपनीत गेले. धर्मेशनं टोपी पुढं केली. "दुनिया चालू है?"

"चालू है."

"तो झाकण लगा."

जूनमदी राबात भाताची रोपं उगवली. कुठं दाट, कुठं विरळ, एक पातं हिरवं तं दुसरं काळपट. रविवारी देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला मी उभी राहिले. लय मोठं भाषण पाठ केलेलं. तोंडातून एवढंच आलं, "उगवलं."

"आमेन," मावशी बोलली. मंग मी देशांची नावं वाचली. लढाया होत्याच.

घरी जाताना मावशीनं माज्या हातात गोफण दिली. "राब राखायला जा. प्रभू येईल तवा येईल, पाखरं आजच येतात."

मी गेले. पयला दगड पुंडलिक काकाच्या पत्र्यावर.