दोन वूफरच्या मधोमध

आमच्या ह्यांना सिनेमाची आवड कवाच नव्हती. चौदा वर्षं झाली, लातूरच्या क्लासमधी मेडिकल प्रवेशाच्या पोरांना फिजिक्स शिकवून राहिले. घरी आले तरी तोंडात तेच. म्हणून नव्या बंगल्यात होम थिएटर काढायचं म्हणले तेव्हा मला हसूच फुटलं. म्हणलं, काढा बाई, पोरांचे आईबाप तरी बघून जातील.

उदगीरहून व्यंकटी आला, वूफर म्हणजे जड आवाजाचे स्पीकर बसवणारा. दोन काळे खोके, लहान कपाटाएवढे. एक त्यानं सोफ्याच्या जागी ठेवला, बारीक घरघर चालू केली, अन् स्वतः रांगत रांगत भिंतीकडेनं कान लावत फिरला. मी म्हणलं, "काय हरवलं का भाऊ?"

"ताई, जड आवाज खोलीत सारखा नसतोय. कुठं छातीत बसतो, कुठं गायबच. दोन वूफर त्याच्यासाठीच, सगळीकडं सारखा करायला."

"सारखा नको," हे म्हणाले. "मधोमध गायब पाहिजे. एकाची फेज उलटी कर, म्हणजे दोघांचे आवाज मधी एकमेकांना मारतील."

"विरूपाक्ष सर, एवढा खटाटोप आवाज मारायला?" व्यंकटी माझ्याकडं बघायला लागला.

मग ह्यांनी सांगितलं. मला एवढंच ठाऊक होतं की त्र्याण्णवच्या भूकंपात ह्यांची धाकटी बहीण सिद्धम्मा गेली, सात वर्षांची, ह्यांना अण्णा म्हणणारी. किल्लारीजवळचं गाव, माळवदाचं म्हणजे जड मातीच्या छताचं घर. आईवडील बाहेर ओट्यावर निजलेले. आत हे, अकरा वर्षांचे, भिंतीला. ती खोलीच्या मधोमध.

"जमिनीतून घरघर आली, मला जाग आली, मी पळालो. मागं माळवद बसलं. तिला उठवलं न्हाई, उज्वला." ह्यांनी वूफरवर हात ठेवला. "पण मधोमध आवाज पोचतच नसंल तर? तर ती झोपेतच गेली. तिला काही कळलंच न्हाई."

ही खोली त्या जुन्या खोलीएवढी, बारा बाय अठराचीच पाहिजे म्हणून गवंड्याशी का भांडले होते, ते मला तेव्हा समजलं. राग लई आला. सव्वीस वर्षं एकटाच उरावर घेऊन फिरला हा माणूस. बायको कशाला असते मग?

व्यंकटीनं एक वूफर पुढच्या भिंतीला, एक मागच्या भिंतीला लावला, फेज फिरवली. घरघर सुरू झाली तशी खिडकीची काच थरथरायला लागली. ह्यांनी मधोमध सतरंजी टाकली, पण तिथं झोपायला ह्यांचा पाय उचलंना. दारात जाऊन उभे राहिले. "तूच झोप. मला सांग."

मी झोपले. खरंच, तिथं आवाज न्हाई. घरघर गेली, पंखा गेला, रस्त्यावरचे हॉर्न गेले. भर दुपारी मला थंडी वाजली.

मग पावलं ऐकू आली. अनवाणी, लहान पोराची. भिंतीकडून उठली अन् माझ्या उशाजवळून दाराकडं धावत सुटली. खोलीभर जाड गालिचा हाय आमच्या, पण ही पावलं मातीच्या भुईवर वाजत होती. मान वळवून बघितलं. व्यंकटी वायरीपाशी बसलेला, हे दारात. कुणीच हललं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या कानाशी, झोपेतला आवाज. "अण्णा?"

मग पुरती जागी होऊन, मोठ्यानं, "अण्णा, थांब की!"

पावलं थांबली न्हाईत.

"उज्वला," ह्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरलेली. "ऐकू आलं का काही?"

"न्हाई," मी म्हणले. "काहीच न्हाई हो. एवढीशी पोर, गाढ झोपली असंल."

हे तिथंच उंबऱ्यात बसले अन् ओक्साबोक्शी रडायला लागले. मला धावत जाऊन जवळ घ्यायचं होतं. पण मी उठले न्हाई. दाराकडं पळणारं आणखी एक माणूस तिला दाखवायचं माझ्या जिवावर आलं.