आठव्या पायाच्या जागी मासा

मी पाठ बोलतेय. पनामाच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या गुना बेटावर पोलक्याला मोला म्हणतात. त्याला चित्राच्या दोन चौकटी असतात, एक छातीवर, एक पाठीवर; पाठीवरची ती मी. चित्र एकच, पण हुबेहूब तेच नाही. हुबेहूब केलं तर बायका हसतात. छातीवरची आधी शिवतात आणि तिच्याकडे बघत मला. माझं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मला शिवणाऱ्या इग्वादिलीने काळ्या कापडावर लाल कापड ठेवलं आणि ते कापून, दुमडून, बारीक टाक्यांनी पुढचीवर आठ पायांचा खेकडा काढला. माझ्या वेळी कात्री घसरली, आठवा पाय तुटला. इग्वादिली रडकुंडीला आली. मग तिने त्या जागी पिवळा मासा शिवला.

तरी येणारी-जाणारी कौतुक करायची ते पुढचीचंच. मी आपली झोपायच्या झोळीच्या दोऱ्यांना घासत पडलेली. असा जळफळाट व्हायचा!

पण सभाघरात बायका ओळीने बसतात, आणि मागच्यांना मीच दिसायची. महिन्याभरात निम्म्या बेटाच्या पाठीवर मासे पोहू लागले. इग्वादिलीच्या मावसबहिणीने, दिविर्याईने, तर माझा मासा चक्क छातीवर मिरवला. माझी नक्कल पुढे आणि मी मागेच!

इग्वादिलीही भडकली. "काय गं, माझा मासा तुझ्या अंगावर कसा?"

"समुद्र तुझ्या बापाचा का? माझ्या आईचा खेकडा उचललास, तेव्हा विचारलं होतंस?"

"मासा माझ्या डोक्यातून आलाय!"

"डोक्यातून कसला, कात्रीतून!"

सगळ्या खो-खो हसल्या. इग्वादिलीने घरी येऊन रागारागाने पोलक्याची शिवण उसवून आम्हा दोघींना वेगळं केलं. बोटीने आलेल्या एका पाहुणीने पुढचीला भिंतीवर लावायला विकत नेलं. मला तिने हातही लावला नाही.

आता मी टोपलीत असते. शेजारणी येतात, मला मांडीवर पसरून मासा बघतात. पुढे मिरवणारी कुणी उरली नाही. मला हवं होतं तेच झालं.

परवा दिविर्याईच्या लेकीने मला उचललं नि म्हणाली, "मावशी, हिचा एक पाय राहिलाय. चुकलं वाटतं."

इग्वादिलीने मला घडी घालून टोपलीत ठेवलं. आठ पायांची पुढची माझ्या शेजारी असती, तर पोरीला माझी गंमत आपोआप कळली असती.

कुणाच्या भिंतीवर ती दिसली तर तिला सांगा, मी अजून तिच्यावर जळते. आणि जमलं तर तिला घेऊन या.