हवालदाराची गोळी

आमच्या कुत्र्याचं नाव हवालदार. मेंढ्या वळणाऱ्या कॉली जातीचा. दिसेल त्याला रांगेत उभं करायचं हा त्याचा स्वभाव, आणि घरात त्याचं ऐकणारा पहिला प्राणी मी.

त्याला अपस्माराचे झटके येतात. पहिला आला तेव्हा मी डगमगलो नाही, सरळ चक्कर येऊन त्याच्या शेजारी पडलो. बायकोने आधी त्याला सावरलं, मग माझ्या तोंडावर पाणी मारलं. क्रम योग्यच होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लावून दिली. ती चीजमध्ये दडवून द्यायचं काम बायकोकडे होतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा कळप हाकताना झटका आलाच. बायको म्हणाली, "आता त्याला कामाला जुंपू नका." मी म्हणालो, "मला अक्कल शिकवू नकोस." ती म्हणाली, "बरं. यापुढे तुमचा कुत्रा, तुमचं तुम्ही बघा." झाला अबोला सुरू!

आमच्या अबोल्यात निरोप्या हवालदारच. "हवालदार, तुझ्या मालकाला सांग, चहा गार होतोय." "हवालदार, मालकिणीला सांग, मला नकोय." तो बिचारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे.

'तुमचं तुम्ही बघा' म्हटल्यावर गोळी देणं आपल्याकडे आलं, हे माझ्या सुपीक डोक्यात लगेच शिरलं. पण गोळ्यांची बाटली कुठे ठेवलीय, हे विचारायचं कुणाला? नाक कापलं गेलं असतं. मी दवाखान्यात जाऊन नवी बाटली आणली. गोठ्यामागे चोरून गोळी देताना स्वतःच्या जबाबदारपणाचं मला फार कौतुक वाटायचं.

पण हवालदार उतरणीला लागला. मागचे पाय लटपटायला लागले. फाटकाशी पडून राहायचा, मेंढ्या त्याच्या अंगावरून उडी मारून जायच्या, तरी डोळा उघडायचा नाही. शेवटी तर खाताना ताटलीतच तोंड घालून झोपला. मी समजलो, आजार मेंदूत भिनला. जनावराचे हाल करायचे नाहीत, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

"हवालदार, मालकिणीला सांग, उद्या तुला दवाखान्यात न्यायचंय. शेवटचं." सकाळी बायको माझ्याआधी गाडीत मागे जाऊन बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिलो. रात्रभर घोकलेलं वाक्य होतं, पण "इंजेक्शन..." एवढंच बाहेर आलं. मग मी चक्क रडायला लागलो. मेंढ्यांचा दलाल ज्याला टरकून असतो, तो मी.

"झटका शेवटचा कधी आला?" बाईंनी विचारलं.

"झटके नाही येत हल्ली. पण बघा ना त्याच्याकडे!"

त्यांनी बघितलं. इंजेक्शनला हात न लावता रक्त काढलं आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. परत आल्या तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"याच्या रक्तात औषध भलतंच वाढलंय. झिंगलाय तो. गोळी कोण देतं?"

"मी," मी म्हणालो.

"मी," बायको म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तू तर म्हणाली होतीस, तुमचं तुम्ही बघा!"

"म्हणाले होते. पण तुमच्या भरवशावर सोडते की काय त्याला?"

बाई आमच्या दोघांकडे अशा बघत होत्या, जणू पट्टा आमच्या गळ्यात हवा होता. गोळी एकदम बंद करायची नाही, त्या म्हणाल्या, मूळ मापावर आणायची, आणि एकानेच द्यायची. चालेल-फिरेल परत. आजाराने नव्हे, आमच्या तोंडाला लागलेल्या कुलपाने त्याचा जीव गेला असता, आणि वर मी त्याला माणुसकी म्हणालो असतो.

गाडीत बायको पुन्हा मागे बसली. पुढचा रस्ता खड्ड्यांचा.

"अहो," ती म्हणाली. हवालदाराला नव्हे, मला. "सावकाश घ्या. झोपलाय तो."

मी इतकी सावकाश घेतली की मागचे सगळे हॉर्न वाजवून शिव्या द्यायला लागले. त्यांचं बरोबरच होतं.