ए पंपाचा बारीक आवाज

दीप्तीने चौदाचा आकडा खोडून तेरा टाकला, लगेच पुन्हा चौदा केला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. हात मोकळे राहिले की ते काहीतरी बदलत बसतात, हे तिला या आठवड्यात कळून चुकलं होतं. रविवार असूनही चार वाजता कारखान्याचे मॅनेजर सोळंकीसाहेब येऊन काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करणार होते. आता अडीच वाजले होते आणि पडद्यावरची पट्टी सकाळपासून हिरवीगार होती. हिरवी पट्टी बघून माणसाला बरं वाटायला हवं. तिला मात्र सकाळपासून वाटत नव्हतं.

बाजव्याच्या अलीकडच्या या रंगांच्या कारखान्यात गरम सॉल्व्हंट पुढे ढकलणारे दोन पंप होते, ए आणि बी. एक चालायचा तेव्हा दुसरा विश्रांती घ्यायचा. सॉल्व्हंट झटकन पेट घेणारं. त्यामुळे पंप बिघडण्याआधीच कळावं म्हणून पंपघरातल्या पाइपांवर आवाज टिपणारे सेन्सर बसवून घेतले होते. बसवणारी कंपनी मकरपुऱ्यातली, सात माणसांची, आणि दीप्ती चांदोरकर तिची इंजिनियर. सेन्सर बसवणं सोपं होतं. खरी कटकट सॉफ्टवेअरची. त्याला आधी दहा दिवस नेहमीचा आवाज ऐकवायचा, आणि मग त्याहून किती वेगळं काही आलं की त्याने ओरडायचं, तो आकडा ठरवायचा. आकडा लहान ठेवला तर ते उठसूट ओरडतं, मोठा ठेवला तर आग लागेपर्यंत गप्प बसतं.

तिने आठ ठेवला होता. दहा दिवस ऐकवून झाल्यावर सोमवारी सकाळी अलार्म चालू केला, तो दुपारपर्यंत एकतीस वेळा वाजला. मंगळवारी त्याहून जास्त. कंट्रोल रूममधली पोरं हसायला लागली. बेन, तमारुं मशीन तो बहु बीकण छे, तुमचं मशीन फार भित्रं आहे, असं एकाने गुजरातीत तोंडावर सांगितलं. तिचे साहेब लक्ष्मीकांत फोनवर रोज एकच प्रश्न विचारत, अजून वाजतोय का? शेजारी नवी शेड बांधत होते, तिथलं ड्रिलिंग मशीन दिवसभर भिंतीला हादरे देत होतं. आवाज त्याचाच असणार, असं दीप्तीने ठरवलं आणि बुधवारी आठाचे चौदा केले. अलार्म बंद झाला, सगळे खूश झाले, तिला कोणीतरी चहासुद्धा आणून दिला.

ड्रिलिंग नसलेल्या वेळीही अलार्म वाजला होता का, हे तिने बघितलं नव्हतं. बघितलं नव्हतं म्हणण्यापेक्षा बघायचं टाळलं होतं.

दार ढकलून सुभानराव आत आले. हातात छासचे, म्हणजे ताकाचे, दोन ग्लास. सुभानराव मोहिते इथले सगळ्यात जुने ऑपरेटर, सदतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने उरलेले. लोखंडी सळईचं एक टोक पंपावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून ते पंपाचं दुखणं सांगत, आणि सगळा कारखाना ते मानत असे. दर शनिवारी ते ऐकत आणि रजिस्टरात ‘ठीक’ लिहीत. त्याखाली सोळंकीसाहेब डोळे मिटून सही करत. दीप्ती त्यांच्यासारखीच मराठी, दांडिया बाजारातली, म्हणून तिच्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून जीव. तरसालीहून येताना बायकोने, शैलाकाकूंनी, दिलेला डबा ते आधी तिच्यापुढे उघडत.

ग्लास टेबलावर ठेवून ते तिच्या समोर येऊन बसले. ते नेहमी समोरच बसत.

“आज सही ना? बराबर होणारच होतं. मी काळजीच तशी घेतली होती.”

“कसली काळजी, काका?”

“तुझं रेकॉर्डिंग चाललं होतं ना, ते दहाही दिवस मी फक्त बी पंप चालवला. ए जुना झाला, जरा थरथरतो. म्हटलं, पोरीचं पहिलं मोठं काम आहे, आवाज एकदम चोख्खा मिळू दे.”

ते कौतुकाच्या अपेक्षेने हसले. दीप्तीलाही हसावं लागलं. मग तिने, आवाज शक्य तितका साधा ठेवून, ए कधी सुरू केला ते विचारलं. सोमवारी सकाळी नऊला, ते म्हणाले. बी सलग दहा दिवस चालला, त्यामुळे त्याची सर्व्हिस आधीच आली, म्हणून तो खोलून ठेवलाय. येत्या बुधवारपर्यंत तरी उभा राहायचा नाही.

सोमवारचा पहिला अलार्म नऊ वाजून दहा मिनिटांनी वाजला होता. ती वेळ तिला पाठ होती.

घरच्या पाहुण्याला चांगली खोली द्यावी आणि गळकी खोली कुलूप लावून ठेवावी, तसं काकांनी केलं होतं. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? राग यायचा तर स्वतःचाच. पंप कोणता चालू आहे, हे रोज पंपघरात जाऊन बघायला तिला काय झालं होतं? उन्हात दोनशे पावलं चालायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही. आता दोन शक्यता होत्या. एक, ए चा आवाजच निराळा, आणि सॉफ्टवेअर बिचारं अनोळखी माणूस बघून भुंकत होतं. दुसरी, ए खरोखर बिघडतोय, आणि तिने चार दिवसांपूर्वी त्याचं तोंड बांधून ठेवलंय. पंपघराला लागूनच ड्रम भरायची जागा होती. तिथे या घडीला चार माणसं काम करत होती. त्यातल्या एकाने काल तिला मुलीच्या बारशाचे पेढे दिले होते.

तिने सोमवारचं रेकॉर्डिंग उघडलं, ड्रिलिंग नसलेली जेवणाच्या सुट्टीतली वेळ शोधली, जाड आवाज गाळून टाकले आणि हेडफोन कानाला लावला. सुरुवातीला नुसती खरखर होती. मग तिच्या मागे तो सापडला. बारीक, न तुटणारा, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो सूं ऐकू येतो तसा. पंपाच्या दांड्याभोवती जे सील असतं ते कोरडं पडून घासायला लागलं की असा आवाज येतो, हे तिने शिकताना ऐकलेलं होतं. आजचं रेकॉर्डिंग लावलं. तोच आवाज, सोमवारपेक्षा मोठा.

 आपल्या एकटीच्या कानावर तिचा भरवसा नव्हता, आणि इथे तर ज्यांच्या कानावर सगळ्यांचा भरवसा ते समोरच बसले होते. तिने हेडफोन काढून सुभानरावांच्या डोक्यावर ठेवला.

“हे ऐका बरं जरा.”

त्यांनी डोळे मिटले. सळई लावून ऐकताना मिटत तसेच. थोड्या वेळाने मान हलवली.

“चोख्खं आहे. काही नाही.”

तिने आवाज वाढवला. अजून वाढवला. आता हेडफोनच्या फटीतून तो सूं तिला टेबलापलीकडेही ऐकू येत होता, दात शिवशिवावेत इतका. सुभानराव डोळे मिटून शांत बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आपण काय म्हणायला हवं हे तिथे लिहिलेलं असावं तसं.

“आहे का काही?”

 ते नेहमी समोरच का बसतात, पाठमोरं हाक मारली तर का थांबत नाहीत, हे तिला एकदम उमगलं आणि उगाच उमगलं असं वाटलं. सुभानरावांनी हेडफोन काढून टेबलावर हलकेच ठेवला.

“जाडे आवाज येतात,” ते म्हणाले. “बारीक येत नाहीत. दोनेक वर्षं झाली. शैलाला माहीत आहे, बाकी कोणाला नाही.”

त्यांनी आणखी काही मागितलं नाही, कोणाला सांगू नकोस असंही म्हणाले नाहीत. छासचा रिकामा ग्लास उचलला आणि दुसरा भरलेला तसाच ठेवून बाहेर गेले.

चार वाजायची वाट न बघता दीप्ती सोळंकीसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. पृथ्वीराज सोळंकी तसे वाईट नव्हते, पण त्यांच्यामागे बॅच चालू होती आणि ए थांबला तर ती अर्ध्यावर बसणार होती. तिने आपली चूक आधी सांगितली, दहा दिवस फक्त बीचा आवाज घेतला गेला हे सांगितलं. तो कोणामुळे घेतला गेला हे सांगितलं नाही. चौदाचे पुन्हा आठ केले आहेत आणि अलार्म आता वाजतो आहे, हेही सांगितलं. सीलचा बारीक आवाज आहे, रोज वाढतो आहे, पंप थांबवा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. आज दुपारपर्यंत हेच मशीन सगळं बरोबर आहे म्हणत होतं ना? आणि शनिवारच्या रजिस्टरात काकांनी ए ठीक लिहिलाय, ते खोटं का? सदतीस वर्षांत काकांचा कान चुकला नाही, बेन. तुमच्या मशीनला पंधरा दिवस झाले.

उत्तर तिच्या जिभेवर होतं. चार शब्दांचं वाक्य. ते उच्चारलं की पंप कदाचित थांबला असता, आणि दोन महिन्यांनी हारतुरे घेऊन जायचा माणूस आज संध्याकाळपासून मान खाली घालून फिरला असता. मागची दोन वर्षं रजिस्टरात काय काय ठीक लिहिलं, याची चौकशी झाली असती. आणि नाही उच्चारलं तर? ड्रम भरणारी चार माणसं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. बोलायचंच, असं ठरवून तिने श्वास घेतला, तेवढ्यात साहेबांनी फोन उचलून सुभानरावांना पाठवायला सांगितलं, काकाने मोकलो.

सुभानराव आले. दारातच थांबले. दीप्तीकडे त्यांनी बघितलं नाही. साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, हेडफोन पुढे केला आणि विचारलं की बेन म्हणतात ए बंद करा, तुम्ही काय म्हणता.

त्यांनी हेडफोन घातला. दीप्तीने आवाज लावला. किती ठेवावा हे तिला कळेना, म्हणून होता तेवढाच ठेवला. सुभानरावांनी डोळे मिटले.  तिला वाटलं, आत्ता ते मान हलवतील आणि नेहमीचे दोन शब्द म्हणतील, आणि मग आपल्याला ते वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणावं लागेल. ती मनातल्या मनात ते जुळवत उभी राहिली. 

 मग सुभानरावांनी हेडफोन काढला.

“हा, साहेब,” ते म्हणाले. “सीलनो अवाज छे. बारीक छे, पण छे. शनिवारे मारी भूल थई. पंप बंद करो.”

 साहेबांनी फोनवर बॅच थांबवायला सांगितलं, ड्रमच्या जागेवरची माणसं बाहेर काढायला सांगितलं, आणि स्वतः उठून पंपघराकडे निघाले.

पाइप थंड होऊन पंप उघडेपर्यंत साडेसहा वाजले. फिटरने सील बाहेर काढून उजेडात धरलं. कडी एका बाजूने काळी पडली होती आणि तिला आरपार चीर गेली होती. आजचा दिवस काढला असता, उद्याची खात्री नव्हती, असं तो म्हणाला. सोळंकीसाहेबांनी सुभानरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, मशीन मशीननी जग्याए, काकाना कान तो काकाना कान. पोरांनी माना डोलावल्या. दीप्तीनेही डोलावली. लक्ष्मीकांतांचे चार मिस्ड कॉल तिच्या मोबाइलवर येऊन पडले होते. सही आता पुढच्या आठवड्यात गेली, हे त्यांना सांगायचं होतं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. नुसतं बरं वाटत होतं, रडू येईल इतकं.

गेटपाशी कामगारांची बस उभी होती. सुभानराव डबा घेऊन तिच्या पुढे चालले होते. तिने दोनदा हाक मारली, मग झपझप चालत त्यांना गाठलं. बसच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी ते थांबले. इकडेतिकडे बघितलं. बाकीचे आत चढले होते.

“दीप्ती,” त्यांनी हळूच विचारलं, “कसा येत होता गं तो आवाज?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. दीप्ती वळसा घालून त्यांच्या समोर आली, ओठ त्यांना दिसतील अशी उभी राहिली आणि सांगू लागली.