नॉक ऑफ

बाबा सुतारकाम करतात. आज चारलाच ते रंधा, करवत, सगळी हत्यारं पिशवीत भरून घरी आले. "नव्या साहेबांनी मला काढलं," ते आईला म्हणाले. "'नॉक ऑफ' म्हणाले. चारचौघांत नाक कापलं गेलं."

आई मटकन खाली बसली. मी ऐटीत शब्दकोश उघडला. "नॉक ऑफ म्हणजे नक्कल करणं. खून करणं."

"कार्टे, बापाला घाबरवू नकोस," आई म्हणाली.

"ऐक तर. आजचं काम थांबवणं, असाही अर्थ आहे. बाबा, साहेब आणखी काय म्हणाले?"

"टुमारो की काहीतरी. मी ऐकायला थांबलोच नाही."

"अहो बाबा, उद्या या म्हणाले ते."

बाबांनी हळूच नाक चाचपलं आणि हत्यारांची पिशवी दाराजवळ नेऊन ठेवली.